चाकांवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण वापरतो ती बहुधा नाक मुरडूनच. ज्याला घर नाही, ठाव नाही, एका जागी ज्याचा पाय ठरत नाही, अशा माणसाविषयी ती आहे. पण बारामती-इंदापूरच्या मुलखात चार दिवस डोळे उघडे ठेवून हिंडावे, म्हणजे पाठीवर किंवा चाकांवर बिऱ्हाड करणारी माणसे किती आहेत ते ध्यानात येते. दिवाळी आटोपते न आटोपते तोच बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या या बाजूला उतरू लागतात. बैलगाडीत भांडीकुंडी, ज्वारीचे पोते, कोंबड्यांचे खुराडे आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरे! कारखान्याच्या आसपास कोप्या उभ्या राहतात आणि चार-पाच महिने तेच गाव. आषाढीआधी तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असे करीत इंदापुरास येते, तेव्हा प्रत्येक दिंडीबरोबर एक ट्रक असतो. राहुट्या, पातेली, शिधा आणि वारकऱ्यांच्या वळकट्या, सारे त्याच्या पोटात. आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर रात्रंदिवस धावणारे ते ट्रक! ड्रायव्हरची केबिन म्हणजे त्याचे देवघर, माजघर आणि शेजघर.

त्यामुळे २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि वर्तमानपत्रांतून ‘चाकांवरचे घर’ अशी छायाचित्रे झळकू लागली, तेव्हा आमच्या मेहुण्यांना त्याचे विशेष काही वाटले नाही. ‘आपल्याकडे हे होतेच की,’ ते म्हणाले. ‘फक्त त्याला पडदे नव्हते.’

हे आमचे मेहुणे म्हणजे सौ.चे थोरले बंधू. आम्ही त्यांना दादा म्हणतो. हडपसरला त्यांचे लहानसे गॅरेज आहे आणि सगळा जन्म गाड्यांच्या पोटाखाली गेला आहे. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एक जुनी टाटा ४०७ घेतली आणि तिचे घर करायला काढले. ‘हीच का?’ असे मी विचारले. ते म्हणाले, ‘१९८६ सालापासून ही गाडी रस्त्यावर आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही फाट्यावर हाक मारा, हिचा पान्हा फिरवणारा माणूस मिळेल. परदेशी गाडी सुंदर असते हो, पण ती कुरकुंभला बंद पडली तर काय करायचे?’ मराठीच्या प्राध्यापकापाशी याला उत्तर नव्हते.

मालवाहू गाडीचे घर करायचे तर आधी कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करण्यास आरटीओची परवानगी लागते. ती मिळाल्यावर दादांनी काम धरले. आत दोन बाकडी, रात्री त्यांचेच पलंग. एक लहानसा ओटा, दोनशे लिटरची पाण्याची टाकी. ही टाकी टपावर न ठेवता खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये ठेवली. कारण दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, आणि ते डोक्यावर घेतले की गाडी वळणावर झोकांडी खाते. गॅसची टाकी उभी, आणि तिच्या तळाशी फरशीला भोक. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. गळला तर खाली साचतो, त्याला खालीच वाट हवी. बॅटऱ्या दोन. एक इंजिनाची, दुसरी दिव्या-पंख्यांची. रात्रभर पंखा चालला म्हणून सकाळी गाडी उठेना, असे व्हायला नको. टपावर दोन सौर पट्ट्या. झाले घर!

या घराने आजवर आम्हांला बरेच हिंडवले आहे. पण आज सांगायचे आहे ते २०२४ च्या मे महिन्यातल्या प्रवासाविषयी. अंतर म्हणाल तर फार नाही. हडपसर ते पळसदेव, सोलापूर रस्त्याने अडीच-तीन तासांची वाट.

पळसदेव हे सौ.चे माहेर. पण जे पळसदेव तिने पाहिले ते नवे, रस्त्याकडेचे. जुने पळसदेव भीमेच्या काठी होते. उजनीचे धरण झाले, १९८० साली ते पुरे झाले, आणि इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड अशा तालुक्यांतली भीमाकाठची गावे यशवंतसागराच्या पाण्याखाली गेली. त्यात हेही गेले. गावकरी वर सरकले. मागे राहिले ते पळसनाथाचे प्राचीन देऊळ. उजनीच्या पाण्याचा हिशेब मोठा मजेदार आहे. सगळे मिळून सुमारे एकशे सतरा टीएमसी पाणी त्यात मावते. पण त्यातले निम्म्याहून अधिक, सुमारे त्रेसष्ट टीएमसी, हा मृत साठा. म्हणून धरण शून्य टक्क्यांवर आले तरी पाणी असतेच, आणि नंतर ‘उणे’ मोजू लागतात. उणे फार वाढले की पळसनाथाचे शिखर, मग मंडप, मग पायऱ्या वर येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली आणि देऊळ पायापर्यंत उघडे पडले.

माझ्या सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या जुन्या पळसदेवात आल्या आणि पाणी चढू लागेपर्यंत तिथेच नांदल्या. ‘देऊळ उघडलंय म्हनं,’ एवढेच त्या म्हणाल्या. पण त्यांच्या पाठीचा मणका दुखावलेला. मोटारीत तासभर बसवत नाही, आडवे व्हावे लागते. बसचा प्रश्नच नव्हता. दादा म्हणाले, ‘आई पलंगावर निजून येईल.’ आणि आमचे बिऱ्हाड निघाले. सासूबाई, सौ., मी, आमची दोन मुले आणि चक्रधर दादा.

मे महिन्याचा रस्ता म्हणजे तापलेला तवा. पहाटे साडेचारला निघायचे ठरले होते, पण दादांची प्रभातपूजा झाल्याशिवाय गाडी हलत नाही. ही पूजा रोजची, वीस मिनिटांची. आधी खाली वाकून जमीन पाहायची. तेलाचा, पाण्याचा, डिझेलचा थेंब पडला आहे का? मग दांडी काढून ऑइल. मग रेडिएटरचे पाणी, तेही इंजिन थंड असतानाच. तापलेले झाकण उघडणारा माणूस तोंड भाजून घेतो. रेडिएटरला बोअरचे पाणी द्यायचे नाही. आपल्याकडच्या बंबाच्या आत जसे क्षार धरतात तसे त्याच्या नळ्यांतही धरतात. मग पट्टा अंगठ्याने दाबून पाहायचा. मग चाके. टायरची हवा थंड टायरवरच मोजायची. दुपारी तापल्यावर ती वाढलेली दिसते, म्हणून जो ती कमी करतो त्याच्या टायरच्या भिंती अधिक वाकतात, आणखी तापतात आणि फुटतात. ४०७ ला मागे दोन-दोन चाकांची जोडी. आतले चाक बसले तर बाहेरून कळत नाही. म्हणून लोखंडी टॉमीने प्रत्येक टायरवर ठोका मारायचा. आपण माठ घेताना वाजवून पाहतो ना, तसेच! भरलेला टायर खणखणीत बोलतो, बसलेला बद्द वाजतो. दोन टायरांच्या फटीत दगड अडकला असेल तर तो काढायचा. शेवटी नट. दादांनी प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. रेघ मोडलेली दिसली, की नट फिरला.

सासूबाई खिडकीतून हे सारे बघत होत्या. म्हणाल्या, ‘आरं, ह्ये तर माझं सडासारवणच की! चूल पेटवायच्या आधी मीबी घरभर हात फिरवायची. कुठं पोपडा निघाला, कुठं घूस लागली, हाताला कळायचं. आठ दिस सारवलं न्हाई की भुई उकलती.’

लोणी काळभोर, यवत झाले. चौफुल्याच्या अलीकडे गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती थांबली. मुले घाबरली. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि मी, शहाण्या माणसाप्रमाणे, दादांकडे पाहिले. डिझेलमध्ये पाणी निघाले. ते कुठल्या पंपावर भरले होते हे सांगण्यात काही हशील नाही. पाणी डिझेलहून जड, ते फिल्टरच्या तळाशी बसते. दादांनी खालचा स्क्रू सैल केला, आधी पाणी आले, मग डिझेल. पण एवढ्यात नळीत हवा शिरली होती. डिझेल इंजिनाला हवेचा बुडबुडा म्हणजे माणसाला लागलेली उचकी. फिल्टरवरचा छोटा स्क्रू ढिला करून त्यांनी हातपंप दाबायला सुरुवात केली. फेस येत होता. ‘बुडबुडे थांबले की सांग,’ असे ते माझ्या मुलाला म्हणाले. नऊ वर्षांचा तो पोरगा डोळे फाडून त्या फेसाकडे बघत राहिला आणि एकदम ओरडला, ‘मामा, आता नुसते डिझेल!’ स्क्रू आवळला, गाडी पहिल्या हाकेला उठली. पाऊण तास गेला. तोवर सासूबाई आत पंख्याखाली निजल्या होत्या आणि सौ.ने चहा केला होता. मोटारीत असतो तर हाच पाऊण तास रस्त्याच्या कडेला उन्हात गेला असता.

कुरकुंभ, भिगवण मागे पडले. भिगवणला रस्त्याकडेच्या खाणावळींतून तळलेल्या माशांचा वास येतो. धरण झाले आणि ज्वारीच्या मुलखाला मासळीचा बाजार मिळाला. हिवाळ्यात इथल्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पुण्याची मंडळी दुर्बिणी घेऊन येतात. मे महिन्यात मात्र सारे भगभगीत. डाळज ओलांडून आम्ही पळसदेवला पोहोचलो आणि पाण्याच्या कडेला भाऊबंदांच्या मळ्यात, एका लिंबाखाली गाडी लावली. दादांनी चाकांना दगडांची उटी दिली, सांडपाण्याची बादली खाली ठेवली. ज्याच्या रानात उतरायचे त्याच्या रानात घाण सोडायची नाही, हा त्यांचा दंडक.

संध्याकाळी वारा सुटला. पाणी लांबवर मागे हटलेले, मध्ये भेगाळलेला गाळ, आणि त्यापलीकडे देवळाचे शिखर. मुलांनी मामाला विचारले, ‘ही गाडी लंडनपर्यंत जाईल का?’

‘जाईल,’ दादा म्हणाले. ‘माणसे जाऊन आली आहेत.’ मग मला माहीत होते ते मी सांगितले. १९५७ साली लंडनहून कलकत्त्यापर्यंत उतारूंना घेऊन एक बस खरोखरच आली होती. पुढे तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान अशी ती वाट युरोपातल्या तरुणांच्या पायाखालची झाली. मोडक्या-तोडक्या व्हॅना गोव्यापर्यंत पोहोचू लागल्या. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात युद्ध पेटले, आणि ती वाट मोडली. पण मुलांना आवडली ती गुंथर होल्टॉर्फ या जर्मन गृहस्थांची गोष्ट. सव्वीस वर्षे, २०१४ सालापर्यंत, ते एकाच मर्सिडीज जीपमधून जगभर हिंडले. सुमारे नऊ लाख किलोमीटर! गाडीचे नाव ‘ऑटो’. पत्नी बरोबर असे. तिच्या निधनानंतरही ते हिंडत राहिले. आता ती गाडी जर्मनीतल्या संग्रहालयात आहे.

‘नऊ लाख किलोमीटर, आणि इंजिन तेच?’ मुलीने विचारले.

‘तेच. हळू चालवायचे आणि गाडीची निगा स्वतः राखायचे,’ दादा म्हणाले. ‘त्यात दुसरे गुपित नाही.’

दुसऱ्या दिवशी उन्हे चढण्याआधी आम्ही देवळाकडे निघालो. मध्ये पाण्याचा एक पट्टा उरला होता, तो एका मच्छीमाराच्या होडीतून ओलांडला. पुढे दादांनी सासूबाईंना चक्क खुर्चीसकट उचलले, मी एका बाजूला. देऊळ जवळ आले तसे त्याचे मोठेपण कळू लागले. खालचे बांधकाम घडीव दगडाचे, वरचे शिखर विटांचे, भूमिज घडणीचे, लहान-लहान शिखरांचे थर एकावर एक चढवलेले. विटा झिजल्या आहेत, कोपरे गेले आहेत. पण चाळीसहून अधिक पावसाळे पाण्यात बुडून, वर येऊन, पुन्हा बुडून ते उभे आहे. आसपास वीरगळ, सतीशिळा पडलेल्या. गाभारा रिकामा. गाव वर सरकले तेव्हा देवही नव्या गावात आला.

सासूबाईंनी आत हात जोडले आणि लगेच म्हणाल्या, ‘चला, घराकडं.’

घर! दादांनी माझ्याकडे पाहिले. सगळीकडे गाळ आणि दगड. पण त्या बाईंनी देवळाच्या दारात खुर्ची ठेवायला लावली, मावळतीकडे तोंड केले आणि बोटाने वाट दाखवू लागल्या. ‘हितनं सरळ. ह्यो पार. आता डाव्या अंगाला.’ पार कुठे दिसत नव्हता. दादा दहा वर्षांचे असताना इथून गेलेले. त्यांनाही काही ओळखू येईना. शेवटी एका जागी त्या ‘थांबा’ म्हणाल्या. गाळातून दगडांची एक सरळ ओळ डोके वर काढून होती. घराचे जोते. भिंती पांढऱ्या मातीच्या, त्या केव्हाच विरघळून गेल्या होत्या. वरचे माळवद मातीचे, तेही.

त्या खुर्चीतून उतरल्या. दगडांच्या ओळीत एके ठिकाणी हातभर फट होती. तिथे त्यांनी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकले. सौ.च्या डोळ्यांत पाणी आले. पण त्यांच्या नाही. त्या नुसत्या उभ्या राहून वर आभाळाकडे बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘ह्याच दिसांत माळवदावर पांढरी टाकायची असती. मिरगाच्या आधी. न्हाईतर घर गळतं.’

कोणी काही बोलले नाही. दर वर्षी मृगापूर्वी त्या घराच्या डोक्यावर मातीची नवी पाटी पडत असे. म्हणून ते मातीचे घर पिढ्यान्‌पिढ्या उभे होते. ज्या वर्षी ती पाटी पडली नाही, त्या वर्षी ते घर संपले. पाणी नंतर आले असेल किंवा आधी. पण सासूबाईंच्या हिशेबी घर गेले ते निगा थांबली त्या दिवशी.

परत आल्यावर दुपारभर त्या शांत निजल्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दादा शिडी लावून गाडीच्या टपावर चढले. सौर पट्ट्यांच्या पायांभोवती, खिडकीच्या वरच्या सांध्यात जिथे-जिथे लांबीला चीर गेली होती, तिथली जुनी लांबी खरवडून नवी भरू लागले. ‘दादा, अहो, हे पुण्यात गेल्यावर करता आले असते,’ मी म्हणालो.

‘मृग जवळ आला,’ एवढेच ते म्हणाले. खाली खुर्चीत बसलेल्या सासूबाईंनी मान हलवली आणि नातीला हाक मारली, ‘जा ग, मामाला पाट्या भरून दे!’ पाट्या नव्हत्या, लांबीच्या नळ्या होत्या. नात वर चढून एकेक नळी देऊ लागली.

तीन रात्री आम्ही तिथे राहिलो. चौथ्या दिवशी बारामतीमार्गे परतलो. बारामतीला मागच्या कमानीचा एक पाटा तडकलेला दादांना सकाळच्या पूजेत सापडला. तिथल्या एका वर्कशॉपात दोन तासांत तो बदलून झाला. न पाहता निघालो असतो तर पुढच्या घाटात तो तुटला असता. चाक काढले होते, म्हणून पुढे वाटेत थांबून नट पुन्हा आवळले. हा आणखी एक नियम. त्यानंतर दादांनी पांढरी रेघ नव्याने ओढली.

हल्ली अशी तयार वाहने भाड्यानेही मिळतात. सुट्टीत कुटुंबाला घेऊन निघण्याचा बेत तुमच्या मनात असेल तर जरूर निघा. पलंग किती रुंद आहे ते पाहा, पडद्यांचा रंगही पाहा. पण किल्ली हातात घेण्यापूर्वी चाके वाजवून पाहा, आणि रोज सकाळची वीस मिनिटे घरातल्या पोरांना बरोबर घेऊन गाडीला द्या. माझा मुलगा आता शाळेला निघताना स्वतःच्या सायकलची हवा पाहतो, ही त्या प्रवासाची कमाई.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा उजनीत पाणी असेल आणि पळसनाथाचे देऊळ त्या पाण्यात असेल. सोलापूर रस्त्याने ऊसतोडणीची बिऱ्हाडे येऊ लागलेली असतील. त्या गाड्यांच्या मागे अडकून खोळंबा झाला तर हॉर्न वाजवू नका. संध्याकाळी कुठेतरी थांबून ती माणसेही बैलांच्या पायांवरून हात फिरवतील, चाकाच्या आसाला वंगण देतील, तीन दगडांची चूल मांडतील, आणि मोकळ्या रानात एका रात्रीपुरते घर उभे करतील.